जुवांवचा जॉन कुणी करायचा?

दरवर्षी 24 जूनपर्यंत गोव्यात पाऊस स्थिरावलेला असतो आणि विहिरी भरत आलेल्या असतात. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घातलेले तरुण ‘विवा सांजांव’, म्हणजे संत जुवांवचा जयजयकार, करत विहिरीत, ओहोळात उड्या घेतात. शिवोलीला सजवलेले सांगोड, म्हणजे होड्या जोडून केलेले तराफे, पाण्यात उतरतात, घराघरांत नव्या जावयाचं कौतुक होतं. आदल्या रात्री लाटव्हियात शेकोट्या पेटलेल्या असतात. तिथे या सणाचं नावच यानी, आणि यानिस नावाच्या प्रत्येक पुरुषाचा तो मानाचा दिवस. पोर्तुगालमधलं पोर्तू शहर रात्रभर रस्त्यावर असतं. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात तर हाच दिवस राष्ट्रीय सण म्हणून पाळतात. हे सगळं एकाच माणसाच्या नावानं चालतं. मराठी बायबल वाचणारे त्याला बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात, कुराण वाचणारे याह्या म्हणतात आणि गोव्यातली कोंकणी माणसं जुवांव.

पुरुषांच्या नावांत इतकी रूपं धारण केलेलं दुसरं नाव सापडणं कठीण आहे. या नावाचा प्रवास पाहत गेलं की माझं एक मत पक्कं होत जातं. नावाचं रूप ठरवण्याचा अधिकार ते लावणाऱ्या माणसाचा आहे. सरकारी दफ्तर, शाळा, बँक, संगणकाची प्रणाली यांचं काम ते नीट उतरवून घेण्याचं आहे. ऐकायला ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्यासाठी लेख कशाला, असं कुणीही विचारेल. पण युरोपात या साध्या गोष्टीसाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडली, कोर्टात गेली, आणि आपल्याकडे तर त्यासाठी भांडता येतं हेही बहुतेकांना माहीत नसतं.

मुळात हे नाव प्रसिद्ध झालं तेच एका भांडणातून. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ती हकीकत आहे. जखऱ्या आणि अलीशिबा या म्हाताऱ्या जोडप्याला मुलगा होतो. आठव्या दिवशी सुंतेसाठी नातेवाईक आणि शेजारी जमतात आणि बापाचंच नाव मुलाला ठेवायला निघतात. आई ठाम सांगते की त्याचं नाव योहान. लोक म्हणतात, तुमच्या नातलगांत या नावाचं कुणीच नाही! आईचं म्हणणं पुरेसं वाटत नाही म्हणून ते बापाला खुणा करून विचारतात, कारण त्याची वाचा गेलेली असते. तो पाटी मागवतो आणि लिहितो, ‘याचं नाव योहान आहे’. तिथे वाद संपतो. कुराणाच्या मरियम सुऱ्यातही या नावाबद्दल सांगितलं आहे की यापूर्वी आम्ही हे नाव कुणाला दिलं नव्हतं. दोन्ही धर्मग्रंथांत हे नाव आलं ते गोतावळ्याच्या रीतीबाहेरचं नाव म्हणून. त्यातही मला महत्त्वाचं वाटतं ते आईचं बोलणं. ती पहिली बोलली आणि तिचंच खरं ठरलं, पण जमलेल्या मंडळींनी ते लेखी पुराव्याशिवाय मानलं नाही. जन्माचा दाखला घ्यायला गेलेल्या कुठल्याही आईला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

त्या गोतावळ्यात नसलं तरी नाव नवं नव्हतं. हिब्रूतलं योहानान म्हणजे ‘परमेश्वरानं कृपा केली’. ख्रिस्तपूर्व 134 ते 104 या काळात यहुदियावर राज्य करणाऱ्या हस्मोनी घराण्यातल्या महायाजकाचं नाव हेच होतं, आणि त्या काळच्या ज्यू पुरुषांच्या शिलालेखांत, कागदांत सापडणाऱ्या नावांत ते पहिल्या पाच-सहांत येतं. पुढे ते ग्रीकमध्ये गेलं, इयोआनेस झालं. लॅटिनमध्ये योहानेस. तिथून ते प्रत्येक भाषेच्या जिभेवर तिच्या चालीनं बसलं. फ्रेंचांनी जां केलं, स्पॅनिशांनी हुआन, पोर्तुगीजांनी नाकात सूर सोडून जुआऊँ, इटालियनांनी जोव्हान्नी, रशियनांनी इव्हान, हंगेरियनांनी यानोश, आर्मेनियनांनी होव्हानेस. जर्मनांनी लांब नावाचे दोन तुकडे पाडले. मागच्या तुकड्याचा हान्स झाला. फिनलंडमध्ये युहानी, युसी, हान्नू ही सगळी याच नावाची पोरं.

आयर्लंड आणि वेल्समध्ये तर एकाच भाषेत हे नाव दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा वेगळा इतिहास घेऊन. आयरिशमध्ये ओएन हे रूप आधीचं. ख्रिस्ती मठांबरोबर, लॅटिनमधून आलेलं. नंतर बाराव्या शतकात नॉर्मन सरदार आले, त्यांच्याबरोबर फ्रेंच जेहां आलं. आयरिशला तो ‘ज’ उच्चारता येईना, म्हणून त्याचं शॉन झालं. वेल्श भाषेत तसंच जुनं येइअन आणि नंतरचं श्योन. इव्हन्स आणि जोन्स ही दोन्ही आडनावं एकाच नावाची, मधे फक्त काही शतकांचं अंतर. नाव ऐकून कुणाच्या घरी कोणतं राज्य, कोणता धर्मगुरू येऊन गेला ते सांगता येतं. अशा नावाची एकच वर्तनी ‘बरोबर’ ठरवली की तो इतिहास पुसला जातो.

भारतात हे नाव निदान चार वाटांनी आलं. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांकडे ते पश्चिम आशियातून, सिरियाक प्रार्थनांबरोबर आलं. त्यांचे योहन्नान, उलहन्नान, निनान युरोपच्या वाटेला गेलेच नाहीत. अरबीतून याह्या आलं, ते आजही महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत आहे. पोर्तुगीजांबरोबर जुआऊँ आलं आणि कोंकणीत जुवांव झालं. इंग्रजांबरोबर जॉन आलं. तमिळ कॅथलिकांनी आणखी वेगळं केलं. त्यांनी नावाचा उच्चार न घेता त्यातली कृपा घेतली आणि संत योहानाला अरुळप्पर म्हटलं. 1693 मध्ये तमिळनाडूतल्या ओरियूरला मारला गेलेला पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरू जुआऊँ द ब्रितो तमिळ लोकांत अरुळ आनंदर म्हणूनच ओळखला जातो. 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार निघाला. मराठी बायबलात आज रुळलेलं रूप योहान आहे, तर वसईत, अहिल्यानगरकडे (पूर्वीच्या अहमदनगरकडे), मुंबईत घराघरांतल्या मुलांना हाक मारतात ती जॉन अशी. धर्मग्रंथात एक आणि पाळण्यात दुसरं, आणि यात कुणालाच कधी अडचण वाटली नाही.

आता हे नाव किती पसरलं ते पाहू, कारण लोकप्रियतेचा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या नोंदी 1880 पासूनच्या आहेत. त्या वर्षापासून 1923 पर्यंत मुलांच्या नावांत सतत पहिला क्रमांक जॉनचा होता. 1924 मध्ये रॉबर्टनं त्याला मागे टाकलं. आता जॉन पहिल्या दहातही नाही. नाव इतकं बोकाळलं की त्याचं नावपण गेलं. इंग्रजीत अनोळखी प्रेताला जॉन डो म्हणतात, फिलिपाइन्समध्ये सामान्य माणूस म्हणजे हुआन देला क्रूझ. 1961 च्या मार्चमध्ये सोव्हिएत यानातून अवकाशात पाठवलेल्या पुतळ्याचं नाव इव्हान इव्हानोविच. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचे वडील योहान, भाऊ योहान, काही मुलगेही योहान. घरात हाक दुसऱ्या नावानं जायची, कारण पहिल्या नावानं कुणीच वेगळा कळत नव्हता. पोपांमध्ये या नावाचे इतके झाले की मोजणी चुकली आणि विसावा जॉन कधी झालाच नाही. 1958 मध्ये तेविसाव्या जॉननं नाव निवडताना सांगितलं की हे माझ्या वडिलांचं नाव आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या राजेलोकांना मात्र ते धार्जिणं वाटलं नाही. इंग्लंडमध्ये 1215 ला मॅग्ना कार्टा या सनदेवर शिक्का उठवावा लागलेल्या जॉननंतर त्या नावाचा राजा झाला नाही. स्कॉटलंडमध्ये जन्माचा जॉन असलेला राजपुत्र 1390 मध्ये गादीवर बसताना तिसरा रॉबर्ट झाला.

पण लोकप्रियतेच्या याद्या जपून वाचाव्या लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2023 साली मुलग्यांच्या नावांत मुहम्मद पहिला आला आणि तिथल्या काही वर्तमानपत्रांनी त्यावर भीती पसरवणारे मथळे दिले. त्याआधीची अनेक वर्षं तिथला युक्तिवाद असा होता की सरकारी यादी प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजते, मुहम्मदची सगळी स्पेलिंगं एकत्र केली तर तो केव्हाच पहिला आहे. हिशोब म्हणून यात खोट नाही. पण मग तोच हिशोब सगळ्यांना लावला पाहिजे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून 2008 पर्यंत त्याच यादीत सलग पहिला राहिलेला जॅक हा जॉनचाच लाडका अवतार आहे. इयन, शॉन, एव्हन, ओएन, इव्हान हे सगळे जॉनच. त्यांची बेरीज करून ‘इंग्लंड जॉनमय झालं’ असा मथळा कुणी कधी दिला नाही. एका समाजाच्या नावाची रूपं गोळा करून त्याचा आकडा फुगवायचा आणि दुसऱ्याच्या नावाची रूपं सुटी ठेवून ती वैविध्य म्हणून मिरवायची, हा पक्षपात आहे आणि तो आकड्यांच्या आडून केला जातो म्हणून जास्त घातक आहे.

नावावर खरी जबरदस्ती झाली ती आधुनिक राज्यसत्तेच्या हातून. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीनं 1938 मध्ये जन्मनोंदीत स्पॅनिश भाषेतलीच नावं चालतील असा हुकूम काढला. बार्सिलोनाकडच्या कॅटलन भाषेत हुआन असतं जोआन, बास्क भाषेत योन. दोघांनाही कागदावर हुआन व्हावं लागलं. 1893 मध्ये बार्सिलोनात जन्मलेला चित्रकार जोआन मिरो जगाला कॅटलन नावानं माहीत आहे, पण त्याच्या शहरात त्याच नावाच्या नव्या बाळाची नोंद अनेक वर्षं होऊ शकत नव्हती. 1974 मध्ये बार्सिलोना क्लबकडून खेळणारा डच फुटबॉलपटू योहान क्रायफ आपल्या मुलाच्या, जोर्दीच्या, नोंदणीसाठी गेला. अधिकारी म्हणाला, जोर्दी हे कॅटलन रूप चालणार नाही, स्पॅनिश होर्खे लिहा. क्रायफ हटला नाही. मुलगा ॲमस्टरडॅमला जन्मलेला, डच कागदांवर नाव आधीच लागलेलं. नोंद त्याच नावानं झाली. पण तो क्रायफ होता. ज्याच्या पायाशी सारं शहर लोळत होतं त्याला जे मिळालं ते बार्सिलोनातल्या गिरणी कामगाराला मिळत नव्हतं. 1977 च्या जानेवारीत कायदा बदलला तेव्हा कुठे देशातल्या इतर भाषांमधल्या नावांना वाट मोकळी झाली.

फ्रान्सचा इतिहास याहून बोलका, कारण तिथे अशी बंधनं लोकशाहीतही टिकून राहिली. क्रांतीनंतर, 1803 मध्ये, कायदा झाला की निरनिराळ्या कॅलेंडरांत दिवसांना जोडलेली आणि प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींचीच नावं ठेवता येतील. हेतू समतेचा सांगितला गेला. परिणाम असा की ब्रिटनी प्रांतात ब्रेतॉन भाषेतलं नाव ठेवणाऱ्या आईबापांना दारातून परत पाठवलं जाऊ लागलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अशाच एका कुटुंबातल्या काही मुलांना नावांपायी वर्षानुवर्षं कायदेशीर अस्तित्वच मिळालं नाही. बंधनं 1966 मध्ये सैल झाली, 1993 मध्ये उठली. तरी 2017 मध्ये त्याच प्रांतात फ्रान्सिसचं ब्रेतॉन रूप असलेल्या फांश नावातल्या एका अक्षरावरच्या लहरीसारख्या खुणेसाठी खटला उभा राहिला आणि 2018 मध्ये रेनच्या अपील न्यायालयानं बाळाच्या बाजूनं निकाल दिला. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सासचा शिल्पकार आर्प 1886 मध्ये जन्मला तेव्हा स्ट्रासबुर्ग जर्मनीत होतं आणि तो हान्स होता. पहिल्या महायुद्धानंतर प्रदेश फ्रान्सकडे गेला आणि कायद्यानं तो जां झाला. जर्मन बोलताना मात्र तो स्वतःला हान्सच म्हणवत राहिला. इटलीतल्या त्रिएस्तच्या आसपासच्या स्लोव्हीन लोकांवर मुसोलिनीच्या काळात नावं-आडनावं इटालियन करण्याची सक्ती झाली आणि इव्हानचे जोव्हान्नी झाले. बल्गेरियात 1984-85 च्या हिवाळ्यात लाखो तुर्क नागरिकांना बंदुकीच्या धाकानं स्लाव्ह नावं घ्यायला लावली. 1989 मध्ये त्यातले तीन लाखांहून अधिक देश सोडून गेले.

या जंत्रीतला धागा असा की नाव बदलण्याचा आग्रह नेहमी बलवान भाषेकडून दुबळ्या भाषेकडे जातो. माद्रिदमधल्या हुआनला कुणी जोआन व्हायला सांगितलं नाही. आयर्लंडमध्ये शतकानुशतकं सरकारी वहीत शॉनचा जॉन होत होता. मग 1880 मध्ये डब्लिनमध्ये जन्मलेल्या जॉन केसीनं, पुढच्या नाटककार शॉन ओकेसीनं, स्वतः होऊन उलटी वाट धरली. त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. मला सगळा फरक इथे दिसतो. रूप बदलणं वाईट नाही, ते कुणाच्या हातून बदललं यावर सगळं आहे.

याविरुद्ध जे बोललं जातं त्यात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. पहिला आक्षेप व्याकरणाचा. आइसलँडिकमध्ये नाव विभक्तीनुसार बदलतं. योनचा मुलगा योन्सोन, कारण षष्ठीत त्याला ‘स’ लागतो. नाव चालवताच आलं नाही तर वाक्य अडतं, म्हणून तिथे नावांची समिती आहे. लाटव्हियनमध्ये पुरुषाचं नाव साधारणपणे ‘स’नं संपावं लागतं, म्हणूनच यानिस. छोट्या भाषेनं आपला ढाचा जपला पाहिजे हे मराठी माणसाला पटावं, कारण आपणही ‘योहानाने’, ‘योहानाला’ असंच म्हणतो. पण भाषेत नाव चालवणं वेगळं आणि पासपोर्टवर माणसाच्या इच्छेविरुद्ध ते छापणं वेगळं. लाटव्हियातल्या रशियनभाषक ज्यू नागरिकाच्या नाव-आडनावाला सरकारनं ‘स’ जोडला, तेव्हा 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं तो खासगी आयुष्यातला मनमानी हस्तक्षेप ठरवला. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं मात्र 2004 मध्ये तशाच एका तक्रारीत लाटव्हियाची बाजू घेतली होती. प्रश्न अवघड आहे हे यावरून दिसतं. माझं मत समितीच्या बाजूनं आहे. भाषा बोलणाऱ्यांनी जपावी. एका अल्पसंख्य माणसाच्या ओळखपत्रावर तिचा भार टाकू नये.

दुसरा आक्षेप सोयीचा. राज्याला माणूस ओळखता आला पाहिजे, फसवणूक थांबली पाहिजे, म्हणून एकच ठरावीक वर्तनी हवी. पण ठरावीक कोष्टकानं लिहिलेलं नाव ओळखू येतंच असं नाही. जर्मनीत मालिशचा व्यवसाय करणाऱ्या एका ग्रीक माणसाचं ख्रिस्तोस हे नाव आंतरराष्ट्रीय लिप्यंतराच्या नियमानं ह्रेस्तोस असं नोंदवलं गेलं. त्याच्या गिऱ्हाइकांना तो कोण हेच कळेना. 1993 मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की व्यवसायाला बाधा येईल इतका उच्चार बिघडवणारं रूप त्याच्यावर लादता येणार नाही. तिसरं म्हणणं असं की लोक स्वतःच नावं बदलतात, अमेरिकेत गेलेले जोव्हान्नी आणि यान आपखुशीनं जॉन झाले. हे खरं आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर स्थलांतरितांना उतरवून घेणाऱ्या कारकुनांनी नावं बदलली ही दंतकथा आहे, ते जहाजावरून आलेल्या यादीवरच खुणा करत होते. नावं बदलली ती नंतर, नोकरी मिळावी, मुलांना शाळेत कुणी चिडवू नये म्हणून. अशा बदलाला मी पूर्ण मोकळीक देईन. त्यामागचा सामाजिक दाब दिसत असूनही देईन, कारण दाब ओळखून त्यातून वाट काढणं हाही त्या माणसाचाच हक्क आहे.

बळजबरी नसली की नाव किती सुंदर बदलतं याचं उदाहरण आपल्या कोकणात आहे. बेने इस्रायल, शनिवारी काम न करणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले मराठीभाषक ज्यू. त्यांच्याकडे अब्राहमचा आबाजी झाला, मोझेसचा मुसाजी, सॅम्युएलचा सामाजी, आणि आडनावं गावांवरून, दिवेकर, पेणकर, केहिमकर. 1796 मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधणारा सॅम्युएल यहेज्केल दिवेकर लोकांमध्ये सामाजी हसाजी दिवेकर होता. प्रार्थनेत हिब्रू नाव, अंगणात मराठी. दोन्ही खरी. आपल्या वारीतही विठ्ठल, विठोबा, विठू, विठाई ही एकाच देवाची नावं आहेत. आळंदीचे ज्ञानेश्वर ज्ञानदेवही आहेत, ज्ञानोबाही, आणि वारकऱ्याच्या तोंडी ग्यानबाही. यातलं खरं कुठलं, असं कुणी विचारलं तर दिंडीतली म्हातारी त्याच्याकडे आश्चर्यानं बघेल.

पण हेच नाव घेऊन तिचा नातू आधार केंद्रावर गेला की गोष्ट बदलते. ज्ञानेश्वर रोमन लिपीत लिहिताना महाराष्ट्रात सुरुवात डी-एन-वाय अशी करतात, उत्तरेत जी-वाय, संस्कृतच्या अभ्यासकांत जे-एन. शाळेच्या दाखल्यावर एक, पॅन कार्डावर दुसरं. मग यंत्र ते रोमनवरून उलट देवनागरीत आणतं आणि मतदार यादीत ‘दन्यानेश्वर’ उमटतो. मराठी माणसाचं नाव मराठी लिपीतून निघून इंग्रजीच्या वाटेनं मराठीत परत येतं आणि येताना मोडतं. आधारवर नावदुरुस्ती साधारणपणे आयुष्यात दोनदाच करता येते. चूक कार्यालयाची असली तरी हेलपाटे माणसाचे, प्रतिज्ञापत्राचा खर्च माणसाचा, राजपत्रातली जाहिरातही त्याचीच.

गोव्यात ही कथा पासपोर्टपर्यंत जाते. 1961 पूर्वीच्या पोर्तुगीज जन्मनोंदवहीत आजोबा जुआऊँ. मुंबईत आगबोटीवर किंवा कचेरीत नोकरीला लागले तेव्हा जॉन. चर्चच्या कोंकणी प्रार्थनेत जुवांव. पुढे नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मागायला जातात, तेव्हा हे तिन्ही एकच होते हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी मध्यस्थांचा एक धंदाच उभा राहिला आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ओळीत फक्त ए ते झेड अक्षरं चालतात आणि नावाला 39 जागा मिळतात. जुआऊँमधल्या ‘आ’वरची लहर तिथे मावत नाही. यंत्राची ही मर्यादा मान्य. पण ती त्या एका ओळीपुरती आहे. वरच्या छापील भागात नाव पूर्ण लिहायला कुणी अडवलेलं नाही, तरी आपली बहुतेक कार्यालयं यंत्राची मर्यादा हीच माणसाची मर्यादा समजतात.

‘एका अक्षरानं काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्यांनी आसामकडे पाहावं. 31 ऑगस्ट 2019 ला राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली तेव्हा 19 लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर होते. अनेकांच्या बाबतीत वडिलांचं, आजोबांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. बंगालीतून, असमियातून इंग्रजीत येताना कारकुनानं त्या दिवशी जे ऐकलं ते लिहिलं होतं, आणि त्या लिहिण्याची किंमत पन्नास वर्षांनी नातवानं मोजली. ज्या देशात बहुसंख्य नावं इंग्रजीत जन्माला आलेली नाहीत, तिथे इंग्रजी स्पेलिंग जुळणं हा नात्याचा पुरावा मानणं मुळातच अन्यायाचं आहे.

कायदा आपल्या बाजूनं थोडा सरकला आहे. 2021 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरच्या नावांबद्दल निकाल देताना सांगितलं की नाव हा ओळखीचा गाभा आहे आणि त्यावरचा ताबा हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, घटनेच्या कलम 19(1)(क) चा भाग आहे. महाराष्ट्रानं 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावणं सक्तीचं केलं. अलीशिबेचं बोलणं ज्यांनी पाटीशिवाय मानलं नव्हतं, त्यांच्यापेक्षा आपण इथे पुढे गेलो, आणि ते मला मनापासून आवडलं. पण नावाच्या रूपाचा प्रश्न तिथे अजून पोहोचलेला नाही.

करायला हवं ते अवघड नाही. जन्मनोंद माणसाच्या भाषेत आणि लिपीत व्हावी, तीच मूळ मानावी, आणि रोमन रूप नोंद करणाऱ्यानं स्वतः सांगितलेलं असावं, यंत्रानं बनवलेलं नसावं. भारतीय पासपोर्टच्या अर्जात ‘आपण इतर कोणत्या नावांनी ओळखले जाता का’ असा रकाना आहे. तो रकाना जन्मनोंद, आधार, सातबारा, मतदार यादी, शाळेचा दाखला, सगळीकडे हवा, म्हणजे जुवांव, जुआऊँ आणि जॉन एकाच ओळीत कायदेशीरपणे शेजारी बसतील. स्पेलिंगची तफावत असेल तर माणूस खोटा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकावी. आणि कार्यालयाच्या चुकीची दुरुस्ती विनाशुल्क, मोजणीत न धरता व्हावी. पैशाचा मोठा खर्च यात कुठेही नाही.

मराठी वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनीही स्वतःकडे पाहायला हवं. आपण स्पेनच्या खेळाडूला जुआन लिहितो, आयर्लंडच्या माणसाला कधी सीन लिहितो, पोलंडच्या यानला जान करतो, कारण नाव आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंगमधून येतं आणि आपण ते इंग्रजी समजून वाचतो. देवनागरीत हुआन, शॉन, यान, यानोश, जुवांव सगळं लिहिता येतं. बातमी लिहिणाऱ्यानं एकदा उच्चार ऐकून घ्यायचा इतकंच काम आहे. गोव्यातल्या जुवांवला तर उच्चार शोधायलाही जावं लागत नाही. तो शेजारच्या राज्यात राहतो, त्याची भाषा आपल्याला कळते, आणि तरी मुंबईच्या बातमीत त्याचा जोआओ होतो.